लॅपटॉपला हबमधून मॉनिटर जोडलाय, पण ओळी ओढत सरकतात आणि मधेच पडदा काळा होतो

मुद्रितवाचक · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. एका बाजूला लेखकाची संहिता आणि दुसऱ्या बाजूला जुळणी झालेलं पान ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची असते. चौदा इंची लॅपटॉपवर हे करून मान धरली आणि डोळ्यांची आग व्हायला लागली. म्हणून साठवलेल्या पैशांतून २७ इंची ४के मॉनिटर घेतला. लॅपटॉपला एचडीएमआयची पिन लागत नाही. दोन टाइप-सी आणि एक जुनं मोठं यूएसबी, एवढंच आहे. दुकानदाराने 'एकात सात' असा हब दिला आणि त्यातून एचडीएमआय केबल मॉनिटरला जोडून दिली.

चित्र येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माउसचा बाण हाताच्या मागे राहतो आणि पान सरकवलं की ओळी ओढत आणल्यासारख्या येतात. दुसरं म्हणजे हब लावला की बिनवायरचा माउस अडखळतो आणि वायफायही मंदावतं. तिसरा त्रास सगळ्यात वाईट. दिवसातून सात-आठ वेळा मॉनिटर दोन सेकंद काळा होतो आणि आपोआप परत येतो. कधी होईल याचा नेम नाही.

दुकानदार म्हणतो लॅपटॉप बघा, लॅपटॉपवाले म्हणतात हब बघा. मोठा महागडा डॉक, म्हणजे हबचाच थोरला भाऊ, घ्यावा का? की मॉनिटरच चुकीचा घेतला?

---

टिकाव_फावडं · सोमवार, रात्री १०:२०

विंडोज असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. वर मॉनिटर निवडा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, किती दिसतो ते सांगा. ३० असेल तर पहिला त्रास तिथेच आहे.

---

मुद्रितवाचक · सोमवार, रात्री १०:३१

विंडोज ११ आहे. ३० हर्ट्झच आहे. यादीत ६० चा पर्यायच नाही.

---

रानजाई · सोमवार, रात्री १०:४०

अगदी हेच माझ्याकडे झालं होतं. खोक्यावर '४के' मोठ्या अक्षरांत आणि '३० हर्ट्झ' मुंगीएवढ्या. ताई, हब बदलून मिळत असेल तर आधी बदला.

---

चौपदरी · सोमवार, रात्री ११:२५

थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे पुष्कळांचे पैसे वाया जातात.

टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. २०१४ साली हा आकार ठरला. आतून काय वाहतं ते प्रत्येक लॅपटॉपचं वेगळं. काहींच्या टाइप-सीतून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो, चित्र जातच नाही. मुद्रितवाचक ताईंना चित्र दिसतंय, म्हणजे ती अडचण त्यांना नाही.

आता ३० हर्ट्झचं कारण. टाइप-सीमध्ये वेगवान वाहतुकीला चार पदर असतात. चौपदरी रस्ताच समजा. हबवर यूएसबी ३ ची भोकं असली की बहुतेक हब त्यातले दोन पदर पेनड्राइव्ह-हार्डडिस्कसाठी राखतात आणि उरलेल्या दोनांवरून चित्र पाठवतात. चित्र पाठवायची जी डिस्प्लेपोर्ट नावाची पद्धत आहे, तिच्या १.२ आवृत्तीच्या वेगाने एका पदरावरून सेकंदाला ५.४ गिगाबिट जातात. सांकेतिक भर, म्हणजे संकेत नीट पोचावा म्हणून घातलेले जादा बिट, वजा केली की उरतात ४.३२. दोन पदरांचे मिळून ८.६४. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला साधारण साडेबारा गिगाबिट लागतात. ते मावत नाहीत, म्हणून लॅपटॉप आणि हब आपसांत ठरवून ३० वर येतात. यात बिघाड कुठेच नाही.

डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर एका पदराचे ८.१, म्हणजे भर वजा जाता ६.४८. दोनांचे १२.९६. त्यात ४के ६० जेमतेम बसतं. पण मग लॅपटॉप १.४ चा हवा, हबही १.४ चा हवा, हबमधलं एचडीएमआय २.० हवं आणि केबलही तेवढी पेलणारी हवी. एचडीएमआय १.४ हे २००९ सालचं. त्याची कमाल १०.२ गिगाबिट, म्हणजे ४के फक्त ३० ला. २०१३ च्या २.० मध्ये ती १८ झाली. या साखळीत एक कडी जरी जुनी निघाली तरी अख्खी साखळी तिच्याच वेगाने चालते.

तुमच्या लॅपटॉपच्या टाइप-सी भोकांजवळ काही खूण आहे का? छोटी वीज, किंवा 'डी'च्या पोटात 'पी' असं चिन्ह?

---

सह्यवेडा · मंगळवार, सकाळी ७:०५

वाचनाला ३० हर्ट्झ पुरे की! सिनेमा तर २४ चित्रांवरच चालतो. उगाच खर्चात कशाला पडायचं?

---

टिकाव_फावडं · मंगळवार, सकाळी ८:५०

@सह्यवेडा, सिनेमात आपला हात नसतो. इथे माउस आपल्या हातात आहे. ३० हर्ट्झला चित्र ३३ मिलिसेकंदांनी बदलतं, ६० ला साधारण १७ नी. हात पुढे गेला आणि बाण मागे राहिला की मेंदूला ते सतत सांभाळून घ्यावं लागतं. अर्धा दिवस एक्सेलमध्ये काढल्यावर मला स्वतःला हे जाणवलंय. तासभर मेल वाचणाऱ्याला चालेल, दिवसभर काम करणाऱ्याला नाही.

---

सह्यवेडा · मंगळवार, सकाळी ९:१५

पटलं. मग रेझोल्यूशन फुल एचडीवर आणलं तर? ६० हर्ट्झ लगेच मिळतील आणि खर्च शून्य.

---

जुळारी · मंगळवार, दुपारी १२:४०

नका, ताई. मी वीस वर्षं मराठी डीटीपी करतोय, म्हणून आग्रहाने सांगतो. २७ इंचांवर फुल एचडी म्हणजे इंचाला साधारण ८२ ठिपके. ४के म्हणजे १६३. इंग्रजी अक्षरांना ८२ वर धकून जातं. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर अनुस्वार, रफार, वेलांटीचा फाटा, आणि खाली उकार, ऋकार, पायमोडका. 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक केवढासा, आठवा. 'भ' आणि 'म'चा तसाच. अनुस्वार शेजारच्या अक्षरावर सरकलाय की जागेवर आहे, हे १० पॉइंटात ८२ ठिपक्यांवर कळत नाही. मग पान मोठं करून बघावं लागतं आणि दोन पानं शेजारी ठेवण्याचा फायदाच जातो. तुम्ही मॉनिटर अगदी बरोबर घेतलाय. फक्त त्याच्यापर्यंत पोचणारी वाट अरुंद आहे.

---

मुद्रितवाचक · मंगळवार, दुपारी १:३०

जुळारी, मनापासून धन्यवाद. 'मॉनिटर बरोबर घेतलाय' हे वाचून जीव भांड्यात पडला.

चौपदरी, भोकं भिंग लावून बघितली. एका टाइप-सीजवळ छोटी वीज आहे. दुसऱ्याजवळ काहीच नाही. दुकानदाराने हब खूण नसलेल्या भोकात लावून दिला होता.

---

चौपदरी · मंगळवार, दुपारी २:१०

वीज म्हणजे थंडरबोल्ट. त्यातून चित्र नक्की जातं आणि चारही पदर चित्राला देता येतात. आता नवा हबही नको, डॉकही नको. 'टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट' अशी एक साधी केबल घ्या. एक टोक विजेच्या भोकात, दुसरं मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये. केबलला यूएसबीची वाटच नसते, त्यामुळे चारही पदर चित्राला मिळतात आणि डिस्प्लेपोर्ट १.२ लाही १७.२८ गिगाबिट मोकळे असतात. सध्याचा हब दुसऱ्या भोकात चार्जिंग, कीबोर्ड, पेनड्राइव्ह यांना राहू दे. तो वाया गेला नाही.

घेताना दिशा तपासा. यातल्या बऱ्याच केबली एकाच दिशेने चालतात, टाइप-सीकडून डिस्प्लेपोर्टकडे. उलट दिशेची चुकून घेतली तर काहीच दिसणार नाही.

---

अलगुज · मंगळवार, दुपारी ३:०२

वाचतेय. माझ्या भावाने मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल मॉनिटरला लावली आणि 'मॉनिटर बंद आहे' म्हणून परत द्यायला निघाला होता!

---

टिकाव_फावडं · मंगळवार, दुपारी ३:२०

@अलगुज, अशा बऱ्याच केबलींत चार्जिंग आणि यूएसबी २ एवढ्याच तारा असतात, वेगवान पदरांच्या तारा नसतातच. दिसायला दोन्ही सारख्या. मी घरी चित्राच्या केबलीला लाल दोरा बांधून ठेवलाय.

---

म्युनिकहून_मंदार · मंगळवार, संध्याकाळी ५:४५

थोडं वेगळं मत मांडतो. मॉनिटर घ्यायचा बाकी आहे त्यांनी टाइप-सीवालाच घ्यावा. आमच्या ऑफिसात रोज वेगळ्या टेबलावर बसतो. एक केबल लावली की चित्र, चार्जिंग, कीबोर्ड, नेटवर्क सगळं सुरू. हब, डोंगल, अ‍ॅडॅप्टर यांचा पसारा नाही. काही मॉनिटरच्या मेनूत 'चित्राला प्राधान्य की डेटाला' असाही पर्याय असतो, म्हणजे चौपदरींनी सांगितलेले पदर आपणच वाटून देऊ शकतो.

---

नागपुरी_संत्रं · मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मंदार भाऊ, बात खरी आहे, पण तसा मॉनिटर इकडे साध्यापेक्षा बराच महाग पडते. ज्याने आपल्या खिशातून घेतला त्याला केबलच परवडते. मी सीताबर्डीत तीन दुकानं फिरलो तेव्हा कळलं.

माझा पण प्रश्न विचारून घेतो. घरी एम१ चिपचा मॅकबुक एअर आहे. दोन एचडीएमआय असलेला हब घेतला तर दोन मॉनिटर चालतील काय?

---

टिकाव_फावडं · मंगळवार, संध्याकाळी ७:००

@नागपुरी_संत्रं, साध्या हबने नाही. एम१ एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. एम२ एअरलाही तसंच. एम३ एअरला झाकण बंद ठेवलं तर दोन, एम४ एअरला झाकण उघडं असतानाही दोन. शिवाय एका केबलीतून दोन वेगळी चित्रं पाठवायची एमएसटी नावाची जी पद्धत हबवाले वापरतात, तिने विंडोजवर दोन वेगळे पडदे मिळतात, पण मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र उमटतं.

दोन पाहिजेतच तर डिस्प्लेलिंकचा अ‍ॅडॅप्टर लागेल. त्यात चित्र दाबून लहान करून साध्या यूएसबीवरून डेटासारखं पाठवतात आणि पलीकडची चिप ते पुन्हा उलगडते. ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर थोडा भार पडतो, आणि मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. संरक्षित सिनेमे त्यावर काळे दिसतात. कागदपत्रांना उत्तम, गेमला नको.

---

अवंतिका_प · मंगळवार, रात्री ८:१०

डिस्प्लेलिंकबद्दल अनुमोदन. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपच्या टाइप-सीतून चित्र जातच नव्हतं, तेव्हा तोच उपयोगी पडला. मात्र ऑफिसच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकायला आयटीवाल्यांची परवानगी लागते. आधी विचारून मगच विकत घ्या. मला तीन आठवडे थांबावं लागलं.

आमच्याकडे टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरतात. ६० हर्ट्झ होते, काळा मजकूर स्वच्छ, पण लाल आणि निळी अक्षरं फिसकटलेली. टीव्हीवर त्या इनपुटचं नाव 'पीसी' केल्याबरोबर सुधारली. तोपर्यंत टीव्ही रंगांचे तपशील गाळून दाखवत होता. लाल शाईत दुरुस्त्या करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

---

फळ्यावरचा_खडू · मंगळवार, रात्री ९:००

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाळेचा प्रोजेक्टर जुना, त्याला व्हीजीए. माझ्या नव्या लॅपटॉपला एचडीएमआय. पंधरा ऑगस्टला मुलांना ध्वनिचित्रफीत दाखवायची म्हणून एचडीएमआय ते व्हीजीए अशी सरळ वायर ऑनलाइन मागवली. चालली नाही. मुलं तासभर वाट बघत होती, ते अजून टोचतं. नक्की काय घ्यावं?

---

चौपदरी · मंगळवार, रात्री ९:३५

गुरुजी, व्हीजीए १९८७ सालचं, अ‍ॅनालॉग. एचडीएमआय डिजिटल. नुसत्या तारेने एकाचं दुसरं होत नाही, मधे रूपांतर करणारी चिप लागते. म्हणून ज्याच्या एका टोकाला छोटी डबी आहे असा 'एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर' घ्या. व्हीजीएतून आवाज जात नाही, तेव्हा डबीला आवाजाचं ३.५ मिलिमीटरचं भोक असेल असा बघा, त्यात शाळेचा स्पीकर लागेल. जोडल्यावर विंडोजचं बटण आणि 'पी' एकदम दाबून 'डुप्लिकेट' निवडा.

---

कोकणकडा · मंगळवार, रात्री १०:१५

मूळ प्रश्नातला माउस आणि वायफाय राहिलंच की.

तो यूएसबी ३ चा गोंगाट आहे. यूएसबी ३ मधून निघणारा विद्युत-गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि बिनवायरचे माउस आणि जुनं वायफाय त्याच पट्ट्यात चालतात. इंटेलने २०१२ साली यावर निबंधच काढला होता. माउसचा इवलासा रिसीव्हर हबमध्ये खोचला असेल तर तो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या जुन्या यूएसबीत लावा. हब मॉनिटरमागे ढकला. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ असेल तर लॅपटॉप त्यावर घ्या. मी तर हबमध्येच नेटवर्कची तार लावून मोकळा झालो.

---

मुद्रितवाचक · बुधवार, सकाळी ११:२०

कोकणकडा, रिसीव्हर बाजू बदलून लावला आणि माउस पाच मिनिटांत सुतासारखा सरळ झाला! वायफायही ५ वर घेतलं.

केबल घ्यायला आज तपकीर गल्लीत जातेय. पण काळ्या पडद्याचं काय? आज सकाळपासून चार वेळा झालं.

---

रानजाई · बुधवार, सकाळी ११:४०

हब गरम होतो का? माझा तापला की चित्र सोडायचा.

---

टिकाव_फावडं · बुधवार, दुपारी १२:०५

चार्जरही तपासा. हब स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट ठेवून घेतो. ६५ चा चार्जर लावला तर लॅपटॉपपर्यंत ५० च पोचतात. फ्रीज किंवा पंप सुरू होताना होतंय का?

---

मुद्रितवाचक · बुधवार, दुपारी १२:३०

हब कोमट आहे, चटका बसेल असा नाही. फ्रीजचा संबंध दिसत नाही. कागदावर वेळा लिहायला सुरुवात केलीय.

---

मुद्रितवाचक · बुधवार, दुपारी ४:५०

मंडळी, वेळा लिहिल्या आणि विचित्रच दिसतंय. १२:५० ला कुकर बंद करायला उठले. २:१० ला दारावरची बेल वाजली. ३:३० ला चहा ठेवायला उठले. ४:१५ ला फोन घ्यायला. प्रत्येक वेळी मी खुर्चीवरून उठले तेव्हाच पडदा काळा झालाय. असं कसं होईल?

---

अलगुज · बुधवार, संध्याकाळी ५:००

अगं बाई! मॉनिटरला तुमची इतकी सवय झालीय का?

---

कोकणकडा · बुधवार, संध्याकाळी ५:२५

ताई, खुर्ची गॅसवर वरखाली होणारी, चाकांची आहे का? असेल तर तुम्ही खरंच कारण पकडलंत. कुणी हसू नका, हे नोंदवलेलं आहे. डिस्प्लेलिंक कंपनीच्या मदतीच्या पानावरच लिहिलंय की गॅसलिफ्टच्या खुर्चीवरून उठता-बसता विद्युत-चुंबकीय झटका निर्माण होऊ शकतो, तो चित्राची केबल पकडते आणि मॉनिटरचा मेळ क्षणभर सुटतो. मॉनिटर पुन्हा मेळ जुळवतो, तेच तुमचे दोन सेकंद.

खात्री करायची तर दिवसभर लाकडी खुर्चीवर बसा. केबल लांब असेल आणि खुर्चीजवळ गुंडाळून पडली असेल तर ती उचला. आखूड, जाड आवरणाची केबल, आणि तिच्यावर फेराइटचं कडं (असा गोंगाट शोषणारं छोटं चुंबकीय कडं) बसवलेलं असेल तर आणखी बरं.

---

सह्यवेडा · बुधवार, संध्याकाळी ५:४०

कोकणकडा, नमस्कार स्वीकारा. हे मी जन्मात ओळखलं नसतं.

---

मुद्रितवाचक · रविवार, सकाळी १०:०५

चार दिवस मुद्दाम थांबले, नीट बघून मगच लिहावं म्हणून.

गुरुवारी जुन्या हबवरच, फक्त जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घेऊन बसले. दिवसभरात एकदाही पडदा काळा झाला नाही. संध्याकाळी मुद्दाम चाकांच्या खुर्चीवर बसून उठले. तिसऱ्या वेळी झाला. एचडीएमआयची केबल तीन मीटरची होती आणि तिचं भेंडोळं खुर्चीच्या पायाशीच पडलेलं होतं.

शुक्रवारी नवी केबल लावली, एक मीटरची, टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट. विजेच्या भोकात घालताच यादीत ६० हर्ट्झ आले. केबल टेबलाच्या मागच्या कडेने वर बांधून घेतली. चाकांच्या खुर्चीवर दोन दिवसांत एकदाच काळं झालंय. फेराइटचं कडं मिळालं की तेही लावीन. एकूण खर्च एका केबलीचा. ज्या डॉकची किंमत विचारून आले होते त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

आणि जुळारी, हे खास तुमच्यासाठी. काल जी कादंबरी तपासत होते ती लॅपटॉपवर एकदा पूर्ण वाचून झाली होती. मोठ्या पडद्यावर पुन्हा घेतली तर फॉण्ट बदलताना नऊ ठिकाणी 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं सापडलं. पहिल्या वाचनात नऊच्या नऊ माझ्या नजरेतून सुटले होते. फाइल सोमवारी छपाईला जाणार होती.

---

जुळारी · रविवार, सकाळी १०:५०

नऊ! शाब्बास. त्याच फाइलीत 'तऱ्हा', 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड' पण शोधून घ्या. 'ऱ्य' मोडला असेल तर 'ऱ्ह'ही मोडला असणार.

---

फळ्यावरचा_खडू · रविवार, दुपारी १:१५

डबीवाला कन्व्हर्टर आला. काल शाळेत लावून बघितला, चित्रही आलं आणि स्पीकरवर आवाजही. चौपदरी, सोमवारी परिपाठानंतर मुलांना राहिलेली ध्वनिचित्रफीत दाखवतोय.

---

मुद्रितवाचक · रविवार, दुपारी १:४०

जुळारी, 'वऱ्हाड' दोन ठिकाणी मोडलंय. बाकीचं शोधतेय.